तिरप्या नजरेचा चुडा

त्या दिवशी सकाळी तुळजाबाईला दोन नवरे दिसले.

दोघांच्या अंगात तीच बिनबाह्यांची बंडी, दोघांच्या हातात तोच कान तुटलेला कप, आणि दोघंही एका तोंडानं म्हणाले, "घे, निवतोय." तुळजाबाई डावीकडच्या नवऱ्याच्या हातातला कप धरायला गेली. तिथं कप नव्हता, हात नव्हता, नवराही नव्हता. चहा सांडला तो राधाकिशनच्या पायावर.

"आगं, भाजला की माजा पाय."

"कोणता?"

"कोणता म्हंजी? उजवा."

तिनं पायाबद्दल विचारलं नव्हतं, पण ते सांगायचं कसं? एक नवरा सांभाळता सांभाळता चाळीस वर्षं गेली आणि देवानं ह्या वयात दुसरा धाडला, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसूच फुटलं. मग तिनं डावा डोळा मिटला. राधाकिशन एक झाला. उजवा मिटला, तरी एकच. दोन्ही उघडले की पुन्हा जोडीनं उभे. तेव्हा मात्र ती हसायची थांबली. चार दिवस झाले, डाव्या भुवईच्या आत काहीतरी ठणकत होतं. उन्हाचं असेल म्हणून तिनं बाम चोळून सोडून दिलं होतं.

आणि तसंच तोंड धुऊन ती दुकानाला गेली, कारण आज भिवराबाई येणार होती.

शिरूर कासारच्या बाजारात तुळजाबाईचं बांगड्यांचं दुकान आहे. रुंदी म्हणाल तर दोन बाया मांडी घालून बसल्या की तिसरीनं उभं राहावं एवढी. उजव्या हाताला सुतळीत ओवलेल्या बांगड्यांची फळी, डाव्या हाताला गिऱ्हाईक. ही बैठक तिच्या सासूनं घालून दिलेली, आणि चाळीस वर्षांत ती हललेली नव्हती. तालुक्यातल्या कितीतरी नवरीमुलींचे हिरवे चुडे ह्याच बैठकीवरून भरले गेले. नवरीच्या हातावर काचेची बांगडी फुटली की बाया "वाढली" म्हणतात, फुटली म्हणत नाहीत, पण मनातून दचकतात आणि पुढे वर्षभर बोलतात. तुळजाबाईच्या हातून एकाही नवरीची बांगडी कधी वाढली नव्हती. ह्या एका गोष्टीचा तिला गर्व होता.

भिवराबाई वाडीवरची. नवरा बजरंग आणि ती, दोघं दरसाल दिवाळी झाली की ऊस तोडायला जात ते चैत्रात परतत. त्यांची लेक स्वप्नाली सात वर्षांची झाली तेव्हा शाळेत हुशार निघाली. मग भिवराबाईनं तिला तुळजाबाईच्या ओटीवर आणून बसवली आणि म्हणाली, "अक्का, मी येईस्तोवर सांभाळ." तुळजाबाईला दोन लेक, दोघं पुण्याला, मुलगी नाही. ते 'येईस्तोवर' नऊ हिवाळे चाललं. पोरगी भिवराबाईला आई म्हणायची आणि तुळजाबाईला माय. आता ती बीडला पोलिसात होती, आणि तिचं लग्न ठरलं होतं.

भिवराबाई आली ती उन्हानं काळवंडलेली आणि आनंदानं फुललेली. सोबत तिची जाऊ सत्यशीला.

"अक्का, वैशाखात तारीख धरली. नवरदेव प्रवीण, तलवाड्याचा. कड्याला साखर कारखान्यात नोकरीला हाय. आमी ऊस तोडायचा आन् जावयानं साखर करायची."

"लई ब्येस झालं," तुळजाबाई म्हणाली. बोट करंड्यात बुडवलं आणि डावीकडं बसलेल्या भिवराबाईला कुंकू लावलं.

भिवराबाईनं कानाला बोट लावून बघितलं.

"कावून गं अक्का," भिवराबाई हळूच म्हणाली, "कानाला कुंकू कावून लावलं?"

तुळजाबाईनं करंडा खाली ठेवला. "भिवरे, मला सकाळधरनं समदं दोन दोन दिसतंय बाई."

सत्यशीला पुढं सरकून तिचं तोंड निरखू लागली. "लकवा तर न्हाई? जीभ दाखवा बरं. हात वर करा."

जीभ सरळ होती, हातही दोन्ही वर गेले. पण निरोप मिळताच आलेल्या राधाकिशननं दुकानाची फळी लावली, आणि दुपारच्या आत तो तिला घेऊन बीडच्या डोळ्याच्या दवाखान्यात बसला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांचे हात मोकळे होते. त्यांनी पंजा उभा धरला आणि विचारलं, "आजी, किती बोटं दिसतात?"

"बोटं पाच, पण हात दोन हायत," तुळजाबाई म्हणाली. "आन् माप सव्वादोन. रिकामे कावून ठिवलेत?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि हसू ओसरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी पेन हळूहळू उजवीकडं नेलं. दोन्ही डोळे मागोमाग गेले. डावीकडं नेलं. उजवा डोळा गेला. डावा मधेच थांबला.

थेंब घालून पडदा पाहिला. रक्त काढलं. शंका नको म्हणून डोक्याचा फोटोही काढायला लावला. सगळे कागद हाती आल्यावर त्या खुर्ची ओढून राधाकिशनसमोर बसल्या.

"साखर किती वर्षांपासून आहे?"

"आठ."

"गोळी रोज घेतात?"

राधाकिशननं तुळजाबाईकडं पाहिलं. तुळजाबाईनं दोन डॉक्टरिणींच्या मधल्या भिंतीकडं पाहिलं. "बरं वाटलं की एक दिवसाआड," ती म्हणाली.

"लोकांना वाटतं, साखरेनं फक्त डोळ्याचा पडदा खराब होतो. तुमचा पडदा चांगला आहे. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, त्याचं पुढे बघू. हे निराळं आहे. डोळा बाहेरच्या बाजूला ओढणारा एक स्नायू असतो, आणि त्याला हुकूम देणारी एक बारीक नस. साखर वाढून वाढून त्या नसेला रक्त पोचेनासं झालं. म्हणून डावा डोळा डावीकडं वळत नाही. एक डोळा इकडं बघतो, दुसरा तिकडं, म्हणून दोन दिसतात."

राधाकिशनचं बालपण औतामागं गेलं होतं. तो थोडा विचार करून म्हणाला, "म्हंजी जोडीतला एक बैल बसलाय."

"अगदी तसंच."

"मंग उठवायचा कसा? चाबूक का चारा?"

"चाबूक नाही. गोळ्या वेळेवर, जेवण सांगते तसं, साखर आणि बीपी ताब्यात. ही नस बहुतेकांची दोन-तीन महिन्यांत आपली आपण सुधारते. तोवर एक डोळा पट्टीनं झाका, एक दिवस डावा, एक दिवस उजवा. नाही सुधारलं किंवा आणखी काही वेगळं वाटलं, तर लगेच या. आज आलात तसंच. घरी बाम चोळत बसू नका."

तुळजाबाईनं बोटांवर महिने मोजले. लग्नाला पाच आठवडे होते. बैलाला हवे होते बारा.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. राधाकिशनला वाटलं, डोळ्याची काळजी. खरं तर डोळ्याचं तिनं डॉक्टरीणबाईंवर सोपवून टाकलं होतं. तिला दिसत होता एक हात, सात वर्षांच्या पोरीचा. पहिल्या वर्षी आईबापाला नेणारा ट्रक हलला तेव्हा स्वप्नाली रस्त्यापर्यंत धावत गेली होती आणि परत आली ती मूठ आवळून. दोन दिवस मूठ उघडेना. जेवली ती डाव्या हातानं. शेवटी तुळजाबाईनं शेजारच्या बोकडाची नक्कल करून दाखवली, पोरगी खदखदा हसली, आणि मूठ आपोआप सुटली. आत आईच्या हातातल्या हिरव्या बांगडीचा तुकडा होता. त्याच दिवशी तुळजाबाई तिला म्हणाली होती, "तुज्या लग्नाचा चुडा मी भरीन. एक बी वाढू देणार न्हाई." पोरीनं तो शब्द पक्का धरला होता.

राधाकिशननं पट्टी स्वतः शिवली. हिरव्या खणाचा तुकडा, आत मऊ धोतराची घडी, मागं इलास्टिक. "नवरीच्या चुड्याला जोडी," म्हणाला. तुळजाबाई ती लावून बाजारातून चालली की पोरं सलाम ठोकत, आणि समोरचा चहावाला बंकट म्हणे, "काय वहिनी, लढाईला निघाल्या का?" चहा मात्र तो आता बिनसाखरेचा देई. राधाकिशननंही साखर सोडली. त्याला साखरेची बिमारी नव्हती, पण एका घरात दोन चहा कोण करणार, असं तो म्हणे. पहिला घोट घेताना त्याचं तोंड असं होई की तुळजाबाईला आपल्या चहात गोडवा आल्यासारखा वाटे. संध्याकाळी दोघं बाजार संपतो तिथवर चालून येत, आणि पट्टी काढलेली असली की ती आपसूक त्याच्या डाव्या बाजूनं चाले; तिकडून तो एकच दिसायचा. हे मात्र तेव्हा तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

पट्टी लावली की एक दिसे, हे खरं. पण एका डोळ्याला खोली कळत नाही. बांगडी पंजापर्यंत नेली की बोटाच्या अलीकडंच टेकवी. गिऱ्हाईक समजून घेत होतं. सत्यशीलानं समजून घेतलं नाही.

ती एक दिवस मुद्दाम आली. "राग मानू नका अक्का. पण नवरीचा हात म्हंजी खेळ न्हाई. आन् आपली स्वप्नाली पोलीस. दंड मारून, बंदूक धरून हात लाकडावानी झालाय. डोळा झाकून तुमी भरणार, आन् एखादी वाढली तर बोल पोरीला लागंल, तुमाला न्हाई. मी म्हनते, बीडहून बिजागरीच्या बांगड्या आणू. टक् उघडायच्या, टक् लावायच्या."

भिवराबाई मागं उभी होती. तिनं खाली पाहिलं. तेच तुळजाबाईला जास्त लागलं.

"आणा," तुळजाबाई म्हणाली. "पोरीचं भलं व्हावं, येवढंच."

त्या दोघी गेल्या आणि पंधरा मिनिटांत स्वप्नालीचा फोन आला. भिवराबाईनं रस्त्यातूनच लावला असणार.

"माय, तू भरणार नसशील तर मी मोकळ्या हातानं उभी ऱ्हाते. ड्युटीवर बांगडी चालतच न्हाई, मला सवय हाय."

"वेडे, चुड्याबिगर लग्न लागतं का?"

"मंग तूच बघ," असं म्हणून पोरीनं फोन ठेवला. खात्याच्या नोकरीत हुकूम सोडायला चांगली शिकली होती.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, बाजार झोपला की, दुकानाची फळी अर्धी लागू लागली. आत राधाकिशन हात पुढं करून बसे.

"तुमचाच हात तेवढा पोलिसासारखा कडक हाय," तुळजाबाई म्हणे, आणि साबणाचा हात फिरवून त्याच्या मनगटावर हिरव्या बांगड्या चढवी. मोठ्यात मोठं माप, तरी अंगठ्याच्या हाडाशी अडे. पहिल्या दिवशी तीन वाढल्या. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी एक वाढली आणि राधाकिशनच्या हातावर रक्ताचा ठिपका आला. त्यानं तो बंडीला पुसला, आणि तुळजाबाई रडकुंडीला आली.

"ऊन येतंय डोळ्यावर," राधाकिशन म्हणाला. ऊन नव्हतंच फारसं. त्याला तिचं तोंड बघवेना. तो उठला, फळीवरच्या सुतळ्या बाजूला सारल्या आणि तिच्या उजव्या हाताला जाऊन बसला. चाळीस वर्षांत तिथं कुणी बसलं नव्हतं.

तुळजाबाईनं घाम पुसायला पट्टी काढली आणि त्याच्याकडं वळून काहीतरी बोलणार, तोच थांबली. डोकं तसंच सरळ ठेवून, फक्त नजर उजवीकडं.

"आवं."

"काय?"

"तुमी एकच हायत."

तिनं मान डावीकडं वळवली, नजर उजवीकडं तिरपी केली. आणखी स्वच्छ. पट्टी नाही, दोन्ही डोळे उघडे, आणि राधाकिशनचा हात एक, बोटं पाच, नखातली माती सुद्धा दिसत होती. उजवीकडं बघायला बसलेल्या बैलाची गरजच नव्हती. चाळीस वर्षं गिऱ्हाईक डावीकडं बसवलं, म्हणून डाव्या बाजूचाच हट्ट धरून ती रडत होती.

"हात द्या."

बांगडी अंगठ्याशी आली, बसली, आणि सुळकन मनगटावर गेली. दुसरी गेली. चौथी गेली. सातवी गेली तेव्हा फळीच्या वरून बंकटचं डोकं डोकावलं.

"काय बे राधाकिशन, भरल्या का शेवटी बांगड्या?"

"भरल्या," राधाकिशन म्हणाला. हात मात्र त्यानं लपवला नाही, उलट वाजवून दाखवला. "तुजं काय माप हाय, बोल."

बंकटनं ही बातमी गावभर केली. ती वाडीवरही पोचली, आणि भिवराबाई हसत हसत रडली, असं नंतर कळलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी वाडीवर, बजरंगच्या अंगणात कापडाच्या सावलीखाली चुड्याची बैठक मांडली. बाया दाटीवाटीनं बसल्या. सत्यशीलाच्या मांडीवर बिजागरीच्या बांगड्यांचा डबा होता, झाकण लावलेला. असू दे, वेळप्रसंगी, असं ती कुणी न विचारताच दोघीतिघींना सांगून चुकली होती.

स्वप्नाली सवयीनं डावीकडं बसू लागली.

"इकडं ये. उजवीकडं," तुळजाबाई म्हणाली. पट्टी काढून कमरेला खोचली, मान डावीकडं वळवली आणि नजर तिरपी केली.

बायांत खसखस पिकली. एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, तुळजा कशी बघती बघ, जशी नवी नवरी नवऱ्याकडं बघती."

"चाळीस वर्सं सरळ बघून काय मिळालं?" तुळजाबाई म्हणाली. "म्हनलं, तिरपं बघावं."

अंगणाच्या कडेला राधाकिशननं टोपी सारखी केली.

उजव्या हातात दहा, डाव्या हातात एक जास्तीची, असा ह्या घरचा रिवाज. उजवा हात सुखानं भरला. डाव्या हातात एक, दोन, पाच, आठ. स्वप्नालीचा तळवा खरंच लाकडासारखा होता; अंगठ्याखाली घट्टा. नववी गेली. दहावी जाताना किंचित कुरकुरली. अकरावी हाडावर येऊन थांबली.

सत्यशीलाचा हात डब्याच्या झाकणावर गेला. तुळजाबाईच्या बोटांना कळलं की पोरीनं हात आवळलाय. तिला नव्हे, स्वतःला घाबरून. माझ्या हातामुळं मायच्या हातून वाढली तर, म्हणून.

तुळजाबाईनं दोन्ही डोळे मिटून घेतले. आता एक नाही नि दोन नाही.

"स्वप्ने," ती म्हणाली, "लग्नात तुमचे साहेब येनार हायत ना?"

"हो."

"नवरीच्या येशात सलाम कसा ठोकनार गं? शालू सुटायचा की."

"माय, गप बस."

"आन् साहेबाला ओवाळताना तो शेजारचा बोकड वरडला तर?" आणि तुळजाबाईनं, भरल्या अंगणात, पंचावन्न बायांसमोर, डोळे मिटून, बोकडाची नक्कल केली.

स्वप्नाली अशी हसली की तिचा खांदा, दंड, मनगट, सगळा हातच ढिला पडला. बांगडी मनगटावर गेली आणि बाकीच्या दहांना लागून वाजली.

सत्यशीलानं डबा उचलून मागं सरकवला आणि स्वतःचा हात पुढं केला. "अक्का, मला बी भरा. उजवीकडूनच."

दुसऱ्या दिवशी मांडवात तुळजाबाई मागच्या रांगेत पंख्याखाली बसली होती, हिरवी पट्टी लावून. समोर अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली गेला, आणि तिनं हळूच पट्टी वर सारली.

मांडवात दोन स्वप्नाली उभ्या होत्या. महिन्यापूर्वी मधे एक माणूस मावलं असतं. आता खांद्याला खांदा लावून, एकमेकीत शिरायच्या बेतात. बैल उठायला लागला होता तर. दोघींच्या कपाळाला मुंडावळ्या, दोघी हसत होत्या.

भिवराबाई डोळे पुसत येऊन शेजारी टेकली. "काय बघतीस अक्का?"

"लेकी बघतीया. दोन हायत."

भिवराबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि ती पदरातल्या पदरात हसली. "मंग?"

"ती उजवीकडची खरी हाय. हात लावला तर लागंल. ती तुजी." तुळजाबाईनं बोट डावीकडं सरकवलं. "डावीकडची नुसती दिसती. ती माजी."

भिवराबाईनं मान वळवून मांडवाकडं पाहिलं. मग विचारलं, "तुजीच्या हातात चुडा हाय का?"

"हाय की. एकवीसच्या एकवीस."

"वाजतोय?"

तुळजाबाईनं कान दिला. नवरी हार घालायला हात उचलत होती.

"वाजतोय."

"मंग ती बी खरीच," भिवराबाई म्हणाली आणि तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

मागून राधाकिशन म्हणाला, "आगं, पट्टी लाव. डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं?"

"लावते," तुळजाबाई म्हणाली. सप्तपदी होईस्तोवर मात्र तिनं ती लावली नाही.